कोयत्यात दोघं, प्रश्नावलीत एकच

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचं वर्षभराचं उत्पन्न, खर्च आणि कर्ज यांचा माग काढायचा, असं ते काम होतं. अर्थशास्त्रात एम.ए. केल्यावर मी एका संशोधन प्रकल्पात फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागले आणि पुढे तिथेच सुपरवायझर झाले. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्या आणि तांडे आमच्या वाट्याला होते. माझं आजोळ याच बालाघाटाच्या पट्ट्यातलं. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं आणि पाडव्याच्या आसपास पुन्हा भरतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण ते आकड्यांत कसं उतरवायचं, हे या कामात शिकले. वंचितांच्या प्रगतीवर बोलणारे अहवाल पुष्कळ असतात. त्यातला एकेक आकडा घरातून कागदावर येताना त्याचं काय काय होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रशिक्षण पुण्यात झालं. सुरुवात होते ती कुटुंब म्हणजे काय इथून. एका चुलीवर जेवणारे आणि सहसा एकत्र राहणारे ते एक कुटुंब. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली, आणि देशातल्या बहुतेक घरपाहण्या तिच्याच धर्तीवर चालतात. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर गेलेला माणूस घरातलाच धरायचा. नमुन्यात आलेल्या घराला कुलूप असेल आणि माणसं भेटण्याची शक्यता नसेल तर बदली म्हणून यादीतलं दुसरं घर घ्यायचं. नियम वाचताना कशालाच हरकत घ्यावीशी वाटत नाही.

आमच्या प्रकल्पप्रमुख बाई या जिल्ह्यात पूर्वी काम केलेल्या होत्या. त्यांनी घरयादी मुद्दाम दोनदा करून घेतली, त्याच वस्त्यांची, एकदा श्रावणात आणि एकदा पौषात. श्रावणात घरटी माणूस होता. ओसरीत फवारणीचा पंप, दाराशी शेळी, शाळेतून आलेली पोरं. पौषात ओळीने कुलपं. जी घरं उघडी होती त्यांत म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुलं, एखादा नोकरदार, एखादा दुकानदार, आणि ज्याच्या विहिरीला पाणी टिकलंय असा शेतकरी. आता कुलपाचं घर सोडून शेजारचं उघडं घर घेतलं तर काय होईल? ज्याला पोटासाठी गाव सोडावं लागलं त्याच्या जागी, ज्याला सोडावं लागलं नाही तो येऊन बसेल. नमुन्याची संख्या पूर्ण भरलेली असल्यामुळे पुढे आकडेमोड करणाऱ्याला संशयही येणार नाही. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा त्या एकाच तांड्याच्या आहेत हे पटायला वेळ लागला.

ही अडचण आमच्या एका प्रकल्पापुरती नाही. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. फेब्रुवारी म्हणजे हंगाम ऐन भरात. तेव्हा बीडचा तोडकरी कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात, सोलापूर-नगरकडे, नाहीतर सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूला असतो. त्याची मोजणी तिथल्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर, व्हायला हवी हे खरं. पण पहाटे चारला उसाच्या फडात गेलेला आणि रात्री गाडी भरून परतणारा माणूस प्रगणकाला भेटणार कधी? शिवाय ऊसतोडीत मोठ्या संख्येने असलेले वंजारी आणि बंजारा महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांत मोडतात, आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत आजवर वेगळी मोजदाद होत आली ती अनुसूचित जाती-जमातींची. म्हणूनच राज्यात ऊसतोड मजूर किती, या प्रश्नाला कुणी आठ लाख म्हणतं, कुणी बारा, कुणी पंधरा. पुढच्या जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवली जाणार, ही फार मोठी गोष्ट आहे. तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच येते. साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या याद्या आधीच मागवून प्रगणक रात्री कोपीवर पाठवले नाहीत, तर मागचाच घोळ पुन्हा होईल. जिल्हा प्रशासनाला हे अशक्य नाही. कुठल्या टोळीचा फड आज कुठे पडलाय हे कारखान्याच्या शेतकी विभागाला रोज माहीत असतं.

घर सापडल्यावर पुढचा पेच उत्पन्नाचा. 'गेल्या ३० दिवसांत घरात किती पैसे आले?' हा ठरलेला प्रश्न. भाद्रपदात विचारला की उत्तर यायचं, 'नव्वद हजार.' ही उचल, म्हणजे हंगामाआधी मजुरीपोटी मिळणारी आगाऊ रक्कम. गणपतीच्या मागेपुढे मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजुरांची टोळी जमवणारा कंत्राटदार, ती वाटतो. मग मागचं सावकाराचं देणं, बचत गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा थकलेला हप्ता, दुकानाची उधारी, दवाखाना, पोरांचे कपडे, कधी लग्नाचा खर्च, असं सगळं त्यातून भागतं. त्या महिन्याचा खर्च पाहिला तर घर खाऊनपिऊन सुखी दिसतं. तेच घर ज्येष्ठात गाठा. बियाणं उधार, किराणा उधार, हातात रोख काही नाही.

आपल्याकडे गरिबी मोजतात ती खर्चावरून. या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली हिशेब मांडला, की माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायच्या तर १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये निघाली. खर्चावरून मोजण्यामागचं कारणही सबळ आहे. गरिबाची कमाई महिन्यागणिक वरखाली होते, खर्च त्यामानाने एका पातळीत राहतो. या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. तिने गरिबीला आकडा दिला म्हणून सरकारला उत्तर द्यावं लागलं. पण उचलीवर चालणाऱ्या घरात खर्चही एका पातळीत राहत नाही, आणि तो भागतो पुढच्या हंगामाची मजुरी आधीच उचलून. खर्चाच्या रकान्यातले रुपये कमावलेले आहेत की पुढच्या पाच महिन्यांचं अंगमेहनतीचं काम बांधून देऊन आणलेले, ते रकाना सांगत नाही.

२०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये आला. अनुसूचित जातींचा ३,४७४ आणि अनुसूचित जमातींचा ३,०१६. दरी किती आहे हे त्यातून दिसतं. पण भटक्या-विमुक्तांना त्या तक्त्यात स्वतंत्र ओळ नाही. तांड्यावरचा बंजारा तोडकरी आणि पाण्याखालची जमीन असलेला बागायतदार, दोघं 'इतर मागास'च्या एकाच सरासरीत जातात. अशा सरासरीवरून कुणाची प्रगती झाली हे ठरवायचं तरी कसं?

मग आम्ही ३० दिवसांची चौकट बाजूला ठेवली आणि वर्षाचे तुकडे सणांवर पाडले. पाडवा ते मृग, मृग ते पोळा, पोळा ते दसरा, दसरा ते संक्रांत, संक्रांत ते पाडवा. प्रत्येक तुकड्यात कोणतं काम केलं, कुणी केलं, साधारण किती दिवस, पैसे कुणाकडून आले, कुणाकडून घेतले. या पद्धतीला लागणारा वेळ खूप, पण उत्तरं पक्की. विशेषतः बायकांची. 'पोळ्याच्या आदल्या दिशी धाकट्याला दवाखान्यात नेलं, तवा तीन हजार आणले. ते मुकादमाकडूनच. मंग ते उचलीत धरले त्यानं,' असं एक मावशी भाकरी थापता थापता सांगून गेल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या मालकांना ते तीन हजार आठवतच नव्हते. कर्ज किती, हा प्रश्न थेट विचारला असता तर हे पैसे कधीच कागदावर आले नसते.

आता कमाईच्या रकान्याकडे येते, कारण या सगळ्या कामातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. प्रश्नावलीत कुटुंबातल्या प्रत्येकाचा व्यवसाय आणि उत्पन्न लिहायचं असतं. नवऱ्यापुढे लिहिलं जायचं: ऊसतोड मजूर, उत्पन्न अमुक. बायकोपुढे: घरकाम, हंगामात मदत. उत्पन्न निरंक. उत्तर देणारा बहुधा पुरुष, आणि तो खोटं बोलत नव्हता. मुकादमाच्या वहीत त्याचंच नाव असतं, पैसे त्याच्याच हातात येतात. पण ऊसतोडीत करार एका माणसाशी होत नाही, कोयत्याशी होतो, आणि कोयता म्हणजे जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, उचलही अर्धी. नवरा बुडापासून ऊस तोडत पुढे सरकतो. मागून बायको पाला साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकपर्यंत चढते. ती नसेल तर पूर्ण उचल मिळत नाही. मग तिचं उत्पन्न निरंक कसं?

एका जोडीचा २०२४-२५ च्या हंगामाचा हिशेब देते. डोकी सेंटरची टोळी, म्हणजे ऊस डोक्यावर वाहून गाडी भरणारी. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली त्यानंतरचा. टोळीचं टनेज कोयत्यांत वाटून या जोडीच्या वाट्याला २४० टन आले. मजुरी झाली ८७,८४० रुपये. आता दुसरी बाजू. उचल ९०,०००. हंगामात आठवड्याच्या आठवड्याला घेतलेली खर्ची मिळून १४,०००. सहा खाडे, म्हणजे कामाला न गेलेले दिवस, एकेका खाड्याला ५०० रुपये कपात, ते ३,०००. म्हणजे नावावर १,०७,००० आणि त्यातून फिटले ८७,८४०. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि जोडी घरी आली ती १९,१६० रुपये अंगावर घेऊन. ही बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीतून कापली जाते, म्हणून पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

टॅबलेटमधला फॉर्म हे घ्यायला तयार नव्हता. 'हंगाम संपल्यावर हातात आलेली रक्कम' या जागी उणे आकडा टाकला की तांबडी चौकट यायची आणि पुढचं पान उघडायचं नाही. शून्य टाकलं तर बाकी गायब. फॉर्म करणारा मुलगा हुशार होता, त्याने लगेच विचारलं की नक्की काय काय वेगळं हवंय ते सांगा. त्यावर बसून आम्ही पूर्ण पानच नव्याने मांडलं: मजुरी उत्पन्नात, उचल कर्जात, खर्ची खर्चात पण कर्जाला जोडून, खाड्याची कपात स्वतंत्र, आणि अंगावर राहिलेली बाकी स्वतंत्र. मजुरीची रक्कम नवरा-बायकोच्या नावे निम्मी निम्मी. एवढं केल्यावर तेच घर वेगळं दिसू लागलं. दोन कमावती माणसं आणि त्यांच्या कमाईपेक्षा मोठं कर्ज.

याच हिशेबातून रोजाचा दर काढला. २४० टन सुमारे १२० दिवसांत, म्हणजे दिवसाला दोन टन, दोघांत ७३२ रुपये, माणशी ३६६. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज २९७ रुपये होता. वरवर पाहता ऊसतोड बरी. मग तास विचारले. पहाटे चारला फडात, दुपारी भाकरीपुरती टेक, आणि गाडी रात्री नऊला लागो की बाराला, भरणी तेव्हाच. सरासरी तेरा तास धरले तर तासाला २८ रुपये पडतात. रोजगार हमीचे आठ तास धरले तर ३७.

मग माणसं ऊसतोडीला का जातात? बाहेरून आलेले अभ्यासक हा प्रश्न हमखास विचारतात. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू केली, १९७७ ला तिचा कायदा केला, २००५ साली देशाने तसाच कायदा केला. एवढी जुनी योजना हाताशी असताना घरदार सोडून का जायचं? एक कारण म्हणजे गावात काम सलग मिळत नाही आणि मजुरी हातात यायला उशीर लागतो. पण मला जे दुसरं कारण दिसलं ते अधिक खोल आहे. भाद्रपदात नव्वद हजारांची रक्कम एकरकमी देणारा दुसरा कुणीही नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर बँक देते त्यात दवाखाना भागत नाही, आणि ज्याला जमीनच नाही त्याला तेही नाही. मुकादम तारण मागत नाही, कारण तारण म्हणून जोडीचं कामच त्याच्याकडे असतं. इथे मजुरीचा बाजार आणि कर्जाचा बाजार एकमेकांत गुंतलेले आहेत. टनाचा दर वाढणं गरजेचंच आहे, पण नुसता दर वाढवून ही गाठ सुटायची नाही. आजारपण आणि खरिपाचा खर्च यासाठी रास्त व्याजाने पैसे मिळण्याची सोय गावात उभी राहिली, तर कितीतरी जोड्या उचलीची रक्कम निम्म्यावर आणतील. हे मी अंदाजाने म्हणत नाही. 'पैसे दुसरीकडून मिळाले असते तर उचल किती घेतली असती?' असा प्रश्नच आम्ही घातला होता, आणि लोक तो नीट विचार करून उत्तर देत.

हंगामातल्या मुलाखती फडावर घ्याव्या लागल्या. संध्याकाळी कोपीवर जायचं, चूल पेटलेली असायची, चुलीपुढे बसूनच बोलायचं. मुकादम जवळ असला की उचलीचे आकडे गोल व्हायचे आणि 'समदं बरं हाय' एवढ्यावर बोलणं थांबायचं. म्हणून आमच्यातला एक सहकारी मुकादमाची वेगळी मुलाखत घ्यायला त्याच्याकडे बसायचा, आणि तेवढ्यात आम्ही बायकांशी बोलून घ्यायचो. मुकादमाचंही ऐकलं पाहिजे, हे आवर्जून सांगते. त्यानेही कारखान्याकडून पैसे उचललेले असतात, एखादी जोडी उचल घेऊन पळाली की ती रक्कम त्याच्या डोक्यावर बसते, आणि पुष्कळ मुकादम स्वतः कधीकाळी कोयता चालवलेले असतात.

टायरगाडीच्या, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या टोळ्यांच्या, सेंटरवर एक विधवा बाई भेटल्या. वय पन्नाशीच्या आसपास, पुतण्याबरोबर जोडी लावून आलेल्या. टायरगाडीवर प्रत्येक गाडीची काट्याची पावती मिळते. बाईंना वाचता येत नाही. पण त्यांनी सगळ्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवी कोपीच्या आडव्या बांबूला टांगली होती; पंधरवडा संपला की त्या पावत्यांना सुतळी बांधायची आणि नव्या पावत्या वेगळ्या ठेवायच्या. आम्ही एकेक गठ्ठा सोडून बेरीज केली. एका पंधरवड्याचे टन मुकादमाच्या वहीतल्या टनांपेक्षा जास्त निघाले. बाई म्हणाल्या, 'मला ठावं होतं. पर सांगायला आकडा पायजे ना.' त्यांनी दुसऱ्या दिवशी पुतण्याला पावत्यांसकट पाठवून फरक लावून घेतला. त्यानंतर प्रत्येक फडावर पावत्या आहेत का, हे आम्ही सर्वांत आधी विचारू लागलो.

वाढ्याचे पैसे हेही बायकांनीच दाखवून दिले. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, पेंढ्या बांधून जनावरांसाठी विकतात. काही शेतकरी त्यातला हिस्सा मागतात. उरलेल्यांचे दिवसाला शंभर-दीडशे येतात, कधी तेही नाही. मीठ, तेल, भाजी, पोराचा बिस्किटपुडा यातून निघतो. छापील प्रश्नावलीत या पैशाला जागा नव्हती, आणि पुरुषांच्या उत्तरांत तो कधी आला नाही. हंगामात घर रोजच्या रोज कशावर चालतं, याचं उत्तर या पेंढ्यांत होतं.

खाड्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. जोडीतलं एक जण आजारी पडलं तर दोघांचा खाडा, आणि दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच. पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, पोटात दुखत असताना बाई मोळी का वाहते, याचं उत्तर खाड्याच्या रकान्यात आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. तेव्हा वर्तमानपत्रांतून डॉक्टरांवर बरंच लिहिलं गेलं, ते व्हायलाच हवं होतं. पण मी जिच्याशी बोलले त्या एका आक्कांनी मला जो हिशेब सांगितला तो पैशांचा होता: महिन्याला चार दिवस दुखणं, वर्षाला इतके खाडे, त्यापेक्षा एकदाचं ऑपरेशन. ऑपरेशनसाठीही उचलच घेतलेली. आरोग्याचा आणि मजुरीचा तक्ता वेगवेगळ्या खात्यांत जातो म्हणून हा संबंध दिसत नाही. आमच्या विश्लेषणात आम्ही खाडे आणि दवाखान्याचा खर्च एकाच पानावर ठेवले.

प्रगतीचाही माग काढायचा होता, आणि त्यासाठी एक वेगळा भाग होता: 'तुमच्या घराचा कोयता कधी सुटला, किंवा अजून का सुटला नाही?' आजोबांपासून विचारत यायचं. ज्यांचा सुटला त्यांच्याकडे बहुधा यांतलं एक काहीतरी होतं. विहिरीला किंवा बोअरला टिकणारं पाणी. नाहीतर घरातल्या एकाला चाकण-रांजणगावच्या कंपनीत महिन्याचा पगार. नाहीतर वसतिगृहात राहून बारावीच्या पुढे गेलेलं मूल. वसतिगृहाचं महत्त्व मला आधी एवढं वाटत नव्हतं. मूल आजीजवळ राहिलं तर शिकतं, आजी थकली की त्याला फडावर न्यावं लागतं, आणि फडावर गेलेलं मूल दोन-तीन हंगामांत शाळेतून सुटतं. मुलगी असेल तर एकटी ठेवायची भीती आणि सोबत न्यायचीही भीती, त्यात लग्न लवकर लागतं. लग्न झालं की नवी जोडी, नवा कोयता, नवी उचल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं, बीडमध्ये ४३.७. या आकड्याला लोक रूढीचा आकडा समजतात. मी तो वसतिगृहांच्या तुटवड्याचा आणि उचलीच्या व्यवहाराचाही आकडा समजते.

आकडेवारी स्वच्छ करून पहिला मसुदा झाल्यावर आम्ही तो गावात वाचून दाखवला. पुढच्या श्रावणात, समाजमंदिरात, एका पानाचा मराठी गोषवारा हातात देऊन. संशोधनात हा भाग बहुधा राहून जातो. माझ्या मते तो सक्तीचा असावा, कारण आकडे ज्यांचे आहेत त्यांच्याइतकं बारकाईने ते दुसरं कुणी तपासत नाही. पुरुष दरावर आणि काट्यातल्या मारीवर, म्हणजे वजन कमी दाखवण्यावर, बोलले. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, 'हे कारखान्याला दावलं का?' अहवाल संबंधित खात्यांना आणि कारखान्यांनाही पाठवणार असल्याचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, 'मंग आमच्याकडं बी ठिवा एक.' गोषवाऱ्याच्या जादा प्रती तिथेच दिल्या.

बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. तेरा तासांचा आकडा वाचल्यावर त्यांच्यातून आवाज आला, 'आमचे तेरा नाहीत.' आमचे तेरा तास फडातले होते. पहाटे तीनला उठून भाकरी, दूरवरून पाणी, रात्री भरणीनंतर धुणं, लेकरांचं बघणं, हे त्यात नव्हतं. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं त्यात घालवतात, असं आलं आहे. फडावर ती मिनिटं झोपेतून निघतात. त्यांनी एकेक काम सांगितलं, आम्ही तिथेच लिहून घेतलं, आणि बायकांच्या तासांचा तक्ता नव्याने केला.

मग त्यांच्यातल्या एकीने उचलीचा विषय काढला. तिचं म्हणणं सरळ होतं. उचल दोघांच्या कामावर मिळते, तर ती घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे ठरवताना आम्हाला कुणी विचारतं का, हे तुम्ही का नाही विचारलं? बाकीच्या बायकांनी ते उचलून धरलं. पुरुष काही वेळ गप्प बसले, मग दोघा-तिघांनी बरोबर आहे म्हणून सांगितलं.

पुढच्या फेरीची प्रश्नावली त्यावरून बदलली. आता एका कोयत्याचे दोन फॉर्म भरले जातात, नवऱ्याचा एक आणि बायकोचा एक, आणि दोन्ही मुलाखती वेगवेगळ्या होतात. बायकोच्या फॉर्ममध्ये सणांवर पाडलेल्या प्रत्येक तुकड्यात तिचे फडातले तास, घरातले तास, मजुरीतला निम्मा वाटा आणि वाढ्याचे पैसे येतात. त्यांच्या खाली दोन प्रश्न आहेत: उचल ठरताना तुम्ही तिथे होता का, आणि रक्कम किती असावी हे तुम्हाला विचारलं होतं का. हे दोन्ही त्या बैठकीतल्या बायकांनी सांगितले त्याच शब्दांत ठेवले आहेत.